हॅवलॉकला एका दिवसात पाच अॅक्टिव्हिटी : आधी भरतीची वेळ विचारा

मनीषनगरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाताळच्या सुट्टीत घरची पाच माणसं अंदमानला निघाली आहेत : ताई आणि त्यांचे मिस्टर, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि त्रेसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे. तिथल्या हॅवलॉक बेटावर तीन रात्रींचा मुक्काम आहे आणि ट्रॅव्हलवाल्यानं त्यातला एक दिवस सगळा अॅडव्हेंचरचा आखून दिला आहे. सकाळी नऊला बोटीनं एलिफंट बीच, तिथे स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं), सी-वॉक, जेट स्की. जेवण झालं की स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं. चार वाजता खारफुटीत कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी नाव, आणि शेवटी राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त. मिस्टरांना थोडंफार पोहता येतं, बाकी कुणालाच नाही. हे एका दिवसात झेपेल का, मुलांना काय करू द्यावं आणि सासूबाईंना न्यावं की हॉटेलवर ठेवावं, असं त्या विचारतात.

ताई, मी गेली बावीस वर्षं नागपुरातून माणसांना जंगलात, डोंगरावर आणि समुद्रावर घेऊन जातो. तुमच्या कागदावरची प्रत्येक गोष्ट करण्यासारखी आहे. पण ज्या क्रमानं ती लिहिली आहे, त्या क्रमानं करू नका. आणि पाचही करू नका. तीन करा.

आधी साधं घड्याळ बघू. हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप, साधारण ९३ रेखांशावर आहे. आपलं नागपूर ७९ वर. घड्याळ मात्र देशभर एकच. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा पाऊण-एक तास पुढे असतो. डिसेंबरच्या शेवटी तिथे पावणेसहाच्या आत उजाडतं आणि पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. तुमच्या कागदावर चारला कयाक आहे आणि त्यानंतर सूर्यास्त. कयाक दीड-दोन तासांची, तिथून राधानगर गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर. तुम्ही पोचाल तेव्हा अंधार झालेला असेल. ज्यानं हा कागद केला त्यानं डिसेंबरचा सूर्य बघितलेला नाही, म्हणजे त्यानं भरती-ओहोटीही बघितली नसणार. खरी अडचण तिथे आहे.

आपण तळ्याकाठची माणसं. अंबाझरी काय, खिंडसी काय, पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. एकीपासून दुसरीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज सकाळी नऊला भरती असेल, तर आठवड्याभरानं त्याच वेळी जवळजवळ ओहोटी असते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त वरखाली होतं; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी. उधाणाला अंदमानात पाणी दोन मीटरच्या आसपास वरखाली होतं.

आता तुमच्या अॅक्टिव्हिटी त्यावर ठेवून बघा. खारफुटीतली कयाक भरतीलाच करायची. ओहोटीला त्या खाडीत चिखल उघडा पडतो आणि नाव मुळांमध्ये अडकते. स्नॉर्कलिंगलाही भरतीच्या आसपासचं पाणी चांगलं. ओहोटीला प्रवाळ पोटाखाली हातभर अंतरावर येतं, नवख्या माणसाचे पाय त्यावर आपटतात, प्रवाळ मोडतं आणि गुडघे सोलवटतात. याउलट एलिफंट बीचला जंगलातून पायी जायचं असेल तर ओहोटी लागते, कारण दोनेक किलोमीटरच्या त्या वाटेचा शेवटचा टप्पा खारफुटीच्या चिखलातून जातो आणि भरतीला तिथे पाणी भरतं. दोन गोष्टींना दोन उलट वेळचं पाणी हवं आणि त्यांच्यात सहा तासांचं अंतर. वर्षभर एकच वेळापत्रक छापून ठेवलं तर काही दिवस ते बरोबर जमतं आणि काही दिवस साफ चुकतं. तुमच्या वाट्याला कुठला दिवस येईल हे फक्त भरतीचा तक्ता सांगतो. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशोब तिथे वापरू नका, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. हॅवलॉकच्या कुठल्याही डाइव्ह सेंटरला फोन करून तुमच्या तीन दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा विचारा. पाच मिनिटांचं काम आहे. ज्यांना या वेळा तोंडपाठ नसतील त्यांच्याकडे बुकिंग करू नका.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडचे लोक मला हमखास म्हणतात, ‘आम्ही पंचेचाळीस डिग्री सहन करून राहिलो, तिथल्या तीस डिग्रीनं काय होते?’ होतं, आणि नागपूरकरांनाच जास्त होतं, कारण आपण बेसावध असतो. आपला वाळ्याचा कूलर आठवा. मे महिन्यात तो घर गार करतो, कारण कोरडी हवा पाणी शोषून घेते. तोच कूलर जुलैत लावला की घर नुसतं चिकट होतं. आपलं अंगही कूलरच आहे. घाम वाळला तर अंग गार होतं. अंदमानच्या हवेत आधीच ओल भरलेली, त्यामुळे घाम वाहतो पण वाळत नाही. अंग तापत जातं आणि पाणी-मीठ मात्र निघून जातं. आणि तुम्ही पाण्यात असता तेव्हा घाम येतोय हे कळतच नाही.

हे मी एका मुलाकडून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत, पंचवीस जणांचा ग्रुप घेऊन मी एलिफंट बीचला पायी गेलो होतो. सकाळभर सगळे पाण्यात होते, दुपारी एकला परतीची वाट धरली. अर्ध्या वाटेवर अकरावीतला एक धडधाकट पोरगा खाली बसला. ‘सर, पाय उचलून नाही राहिले,’ म्हणाला. हात गार, कपाळ पांढरं. सकाळपासून त्यानं अर्धी बाटलीही पाणी प्यायलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. सावलीत आडवा केला, पाय उंच ठेवले, कुणाच्या तरी पिशवीत ओआरएसचं पाकीट निघालं ते दिलं. तासाभरानं तो चालायला लागला. पण तो एक तास मी त्या जंगलात काय विचार केले ते मला माहीत आहे. हॅवलॉकला छोटं सरकारी आरोग्य केंद्र आहे. मोठं इस्पितळ, जी. बी. पंत, हे पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला आहे, फेरीनं दीड-दोन तासांवर. चूक माझी होती, आयोजनाची. तेव्हापासून माझ्या कुठल्याही ग्रुपला बारा ते अडीच काहीही करायची परवानगी नाही. जेवण, सावली, झोप. तुम्हीही हे अडीच तास कुणाला विकू नका. आणि एक लिटर पाण्यात एक पाकीट ओआरएस करून ती बाटली सोबत ठेवा, तहान लागायची वाट न बघता अर्ध्या-पाऊण तासानं प्रत्येकाला पाजा.

आता स्कूबा. तो जेवणानंतर मुळीच नको, सकाळी पहिला ठेवा. सकाळी वारा कमी असतो, समुद्र संथ असतो, पाणी नितळ असतं आणि तुम्ही ताजेतवाने असता. निघण्याआधी केळं, दोन इडल्या, बस. तर्रीपोह्यांची सवय तेवढा दिवस बाजूला ठेवा. तेलकट-तिखट पोटावर बोट हलली की काय होतं ते मी बऱ्याच जणांचं बघितलं आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्यावी, पण त्या गोळीनं झोप येते, म्हणून डाइव्ह करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

पोहता येत नसलं तरी पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठीचा डाइव्ह करता येतो. त्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो आणि खोली जास्तीत जास्त बारा मीटर. पण वय दहा पूर्ण हवं. तुमचा मुलगा नऊचा आहे. कुणी तिथे म्हणेल, ‘चालतंय हो, अंगानं मोठा दिसतो.’ चालत नाही. जो माणूस वयाचा नियम इतक्या सहज वाकवतो तो टाकीतली हवाही तितक्याच सहज मोजत असणार. तिथून उठून या. आणि एका माणसामागे एक प्रशिक्षक, हे पैसे देण्याआधी पक्कं करून घ्या.

डाइव्हमध्ये नवख्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास देतो तो कान. पहिल्या दहा मीटरमध्येच अंगावरचा दाब दुप्पट होतो, म्हणून कानाला सुरुवातीलाच दडा बसतो. नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडे ढकलायची, दुखायच्या आधी, प्रत्येक मीटरला. याचा सराव तुम्हाला फुकटात मिळणार आहे. नागपूरहून कोलकाता किंवा चेन्नईला विमान उतरायला लागलं की मुलीला हे करायला लावा. कान मोकळा होतो तो ‘टक्’ तिला एकदा कळला की पाण्यात ती घाबरणार नाही. सर्दी असेल तर मात्र डाइव्ह रद्द, मग आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील. दमा, फिट्स, हृदयाचा आजार, कानाचं ऑपरेशन यांबद्दल फॉर्ममध्ये खरं लिहा. पाण्याखाली एकच गोष्ट कधीही करायची नाही : श्वास रोखून धरायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट हवी.

यातच विमानाचा हिशोब आला. दाबाखाली श्वास घेतला की रक्तात नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडतो. एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि एकाहून जास्त केले तर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही. मी सरसकट चोवीस तास धरतो. म्हणून अॅडव्हेंचरचा दिवस हॅवलॉकचा पहिला पूर्ण दिवस असू द्या, शेवटचा नको. याचा आणखी एक फायदा आहे. त्या दिवशी वारा सुटला किंवा बोटी बंद झाल्या तर तुमच्या हातात दुसरा दिवस उरतो. समुद्रावर राखीव दिवस नसला की माणसं नको त्या हवेत बोटीत चढतात.

मुलासाठी स्नॉर्कलिंग. नऊ वर्षांच्या पोराला ते स्कूबापेक्षा जास्त आवडतं असा माझा अनुभव आहे, कारण तो वर तरंगत असतो, हवं तेव्हा डोकं बाहेर काढतो. गाइडच्या हातात रिंग आणि रिंगला धरून मूल. लाइफ जॅकेट घातल्यावर त्याचे खांद्याचे पट्टे धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. मास्क चेहऱ्यावर पट्टा न लावता ठेवायचा आणि नाकानं श्वास ओढायचा. चिकटून राहिला तर माप बरोबर. हे सगळं पहिल्यांदा समुद्रात करू नका. अजून वेळ आहे तर मास्क आणि नळी विकत घ्या आणि चारही जण इथल्या स्विमिंग पूलमध्ये सात-आठ दिवस जा. पोहणं शिकायची घाई नको. पाण्यात तोंड घालून तोंडानं श्वास घेता येणं आणि पाठीवर तरंगता येणं, एवढं जमलं तरी तुमचा दिवस बदलेल. एखाद्या रविवारी रामटेकला पायऱ्यांनी गडमंदिर चढून या, परत येताना खिंडसीला बोटीत बसा, मुलं आणि सासूबाई बोटीत कशा चढतात-उतरतात ते बघा. तीच तुमची रंगीत तालीम.

सी-वॉक आणि जेट स्की मी तुमच्या जागी असतो तर काढून टाकले असते. सी-वॉकमध्ये डोक्यावर जड हेल्मेट घालून तळावर चालायचं असतं. ज्यानं स्कूबा केला त्याला त्यात नवीन काही मिळत नाही आणि ज्याला कानाच्या भीतीनं स्कूबा नको त्याचा कान इथेही दुखतो. जेट स्की दोन-तीन मिनिटांत संपते आणि रांगेत अर्धा तास जातो.

कयाक मात्र ठेवा. खारफुटीच्या खाडीत वल्ह्याचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही, झाडांची मुळं पाण्यातून वर आलेली, त्यांच्यावर चढणारे मासे दिसतात. पण फक्त स्थानिक गाइडबरोबर आणि तो नेतो त्याच वाटेनं. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातली मगर असते. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हला स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. घाबरवायला सांगत नाही. पण मगरीची सूचना देणारी पाटी दिसली की तिथे फोटोसाठी सुद्धा पाण्यात पाय घालायचा नाही, हे मुलांना इथूनच सांगून न्या.

तर माझ्या मते तुमचा दिवस असा. भरती सकाळी असेल तर : सहा-साडेसहाला मिस्टर आणि मुलीचा स्कूबा, जेट्टीजवळच्या नीमो रीफ या उथळ प्रवाळपट्ट्यावर. तेवढ्या वेळात तुम्ही मुलाला घेऊन किनाऱ्यावर. नऊला नाश्ता, मग बोटीनं एलिफंट बीच, तिथे मुलाचं आणि तुमचं स्नॉर्कलिंग. साडेअकराला परत. अडीचपर्यंत सावली. तीनला राधानगर. कयाक दुसऱ्या दिवशी. भरती दुपारी येत असेल तर : सकाळचा स्कूबा तोच, नाश्त्यानंतर एलिफंट बीच पायी, वाटाड्या घेऊन, पोहायच्या बुटांनी, चप्पल घालून नाही. पाणी चढायच्या आत बाराला परत. दुपारी अडीचला कयाक. त्या दिवशी राधानगर सोडून द्या, ते दुसऱ्या दिवशी. दोन्हींत त्या दिवसाला तीनच गोष्टी आहेत आणि तीन पुरतात. चौथ्या अॅक्टिव्हिटीला मुलं चिडचिडी होतात आणि मोठी माणसं सूचना ऐकेनाशी होतात. मी बघितलेले बहुतेक लहानमोठे अपघात दिवसाच्या त्या शेवटच्या अॅक्टिव्हिटीतले आहेत.

थोडं किरकोळ. सनस्क्रीनचा थर देण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट घ्या. पाठ भाजत नाही आणि क्रीम प्रवाळावर जात नाही. किनाऱ्यावरचं मेलेलं प्रवाळ मुलं खिशात घालतात, ते घालू देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, पायाला खोबरेल तेल लावा. विमा असेल तर त्यात साहसी खेळ धरले आहेत का ते वाचा.

तुमच्या ओळखीत कुणी मे महिन्यात अंदमानला निघत असेल तर त्यांनाही एक निरोप द्या. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात म्हणून लोक आरामात मेच्या शेवटी निघतात. पण मॉन्सून देशात सगळ्यात आधी अंदमानात येतो, २० मेच्या आसपास. आपण नागपुरात ढगांकडे डोळे लावून असतो तेव्हा तिथे बोटी बंद पडायला सुरुवात झालेली असते. पाण्यातलं काही करायचं असेल तर तुम्ही निवडला आहे तोच काळ, किंवा त्यानंतर मार्च-एप्रिलपर्यंत.

आता तुमच्या सासूबाई. त्यांना हॉटेलवर ठेवू नका. त्यांच्या वयाच्या माणसाला समुद्र अवघड जात नाही, अवघड जातं ते हलत्या बोटीत चढणं-उतरणं. म्हणून एलिफंट बीचची छोटी बोट त्यांना नको. सकाळी त्यांना आराम करू द्या. बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारी गोळी असेल तर दमट हवेत पाणी किती प्यायचं आणि ओआरएस चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून घ्या. ओआरएसमध्ये मीठ असतं. राधानगरच्या वेळी मात्र त्यांना सोबत न्या. गाडी जवळपर्यंत जाते, वाळू बारीक आणि घट्ट आहे, किनाऱ्याला लागून उंच झाडांची दाट सावली आहे. घडीची एक हलकी खुर्ची आणि पाण्याची बाटली घेऊन साडेतीनपर्यंत तिथे पोचा. मुलं पाण्यात असताना जीवरक्षकाच्या समोरचीच जागा धरा आणि आईंना अशा ठिकाणी बसवा की दोन्ही नातवंडं त्यांच्या नजरेत राहतील. सूर्य बरोबर समोर, पाण्यात उतरतो.